तासणीचा घोडा आणि धनुष्याची किंमत



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही एखाद्या संपाविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? आम्ही त्यांना कळविले की यंदा आम्ही एका घोड्याविषयी बोलणार आहोत. हा घोडा लाकडाचा आहे. त्याला खोगीर नाही, लगाम नाही, आणि तो जागचा हलत नाही.

आपल्याकडे धनुष्य म्हटले की राम आठवतो, अर्जुन आठवतो, एकलव्य आठवतो. धनुष्य मोडणारा आपल्याला ठाऊक आहे, उचलणारा ठाऊक आहे, आणि ज्याचा अंगठा गेला तोही ठाऊक आहे. धनुष्य घडविणारा मात्र आपण फारसा विचारात घेत नाही. वाल्मीकींनी बालकांडात ते सांगून ठेवले आहे: जनकाच्या घरचे शिवाचे धनुष्य आणि परशुरामाच्या हातातले विष्णूचे धनुष्य, ही दोन्ही विश्वकर्म्याने घडविली. म्हणजे ते सुताराचे काम होते. पण तो सुतार कशावर बसला, लाकूड कशात धरले, आणि त्या कामाचे त्याला काय मिळाले, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. आम्हांला वाटते. आमचा धंदाच तो आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत. सोळाव्या वर्षी आम्ही कोल्हापुरास एका पॅटर्न शॉपमध्ये लागलो. फौंड्रीत लोखंड ओतावयाचे तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो करणारे आम्ही. कामाला लागलो त्या दिवशी वडिलांनी हत्यारांची पेटी दिली: वाकस, दोन रंधे, चार पटाशा, एक मोगरी. कारखान्यात टेबल होते, त्याला वाईस होता, पण जुने मिस्त्री त्याच्याकडे बघत नसत. ते जमिनीवर बसकण मारीत, लाकडाचे एक टोक भिंतीला टेकवीत आणि दुसरे पायाच्या अंगठ्याने व टाचेने असे दाबून धरीत, की ते तसूभर हलत नसे. पायावर वाकस चालते आहे असे बघणाऱ्याला वाटावे. आमच्या डाव्या पायाच्या नडगीवर त्या उमेदवारीच्या काळाची खूण आहे.

पुढे नगरवाचनालयात इंग्रजी पुस्तके चाळण्याची खोड लागली. अर्धे समजत असे, चित्रे पूर्ण समजत. एका पुस्तकात एक माणूस बाकावर घोड्यासारखी मांड टाकून बसला आहे, त्याचे पाय पुढे रेटलेले आहेत आणि हातांनी तो लाकूड तासतो आहे, असे चित्र दिसले. खाली नाव होते शेव्हिंग हॉर्स. आपण त्याला तासणीचा घोडा म्हणू. जर्मन लोक त्याला श्नित्सबांक, म्हणजे कोरण्याचा बाक म्हणतात; अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी त्याचे नाव एका गमतीच्या गाण्यालाही दिले. फ्रान्समध्ये तो घोडा नसून गाढव आहे. नाव काहीही असो, त्या चित्राने आम्हांला दोन दिवस चैन पडू दिले नाही. कारण त्या माणसाने आमच्या मिस्त्रींप्रमाणे लाकूड पायानेच धरले होते. फरक इतकाच, की त्याचे पाय आणि लाकूड यांच्यामध्ये एक दांडा होता, आणि त्या दांड्याने त्याच्या नडग्या वाचविल्या होत्या.

हे यंत्र चालते कसे ते सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. पाच फूट लांबीचे, गुडघ्याइतक्या उंचीचे एक बाक. त्याच्या पुढच्या निम्म्या भागावर दुसरी एक फळी बसविलेली. ती बसणाऱ्याच्या बाजूला उचललेली आणि पलीकडे खाली असते. बाकाच्या व फळीच्या मधोमध उभी खाच. त्या खाचेतून एक उभा दांडा खाली-वर गेलेला, आणि तो एका आडव्या खुंटीवर झुलतो. दांड्याचे वरचे टोक जाड ठेवलेले असते, हे त्याचे डोके. खालच्या टोकाला पाय ठेवण्यासाठी आडवी दांडी. बसणारा पायाने दांडी पुढे रेटतो, दांडा खुंटीभोवती फिरतो, आणि डोके मागे खाली येऊन लाकूड उतरत्या फळीवर दाबून धरते. खुंटीपासून खालची दांडी वीस इंच आणि वरचे डोके आठ इंच असेल, तर पायाचा जोर अडीचपट होऊन लाकडावर पडतो. वीस किलोच्या रेट्याला पन्नास किलोची पकड, घर्षणात जाईल ते सोडून.

पण खरी गंमत पुढेच आहे. या घोड्यावर जे हत्यार चालते त्याच्या दोन्ही टोकांना मुठी असतात आणि ते आपल्याकडे ओढावयाचे असते. आम्ही त्याला ओढपाते म्हणतो. माणूस हाताने जोराने ओढू लागला की अंग पुढे घसरू नये म्हणून पाय आपोआप रेटले जातात. पाय रेटले की पकड वाढते. जितकी ओढ तितकी पकड. आणि पाय सैल सोडला की त्याच क्षणी लाकूड मोकळे. ते फिरवा, उलटे करा, डोळ्यासमोर धरून बघा, पुन्हा ठेवा. वाईसच्या स्क्रूला इतक्या वेळा फिरवावे लागले असते तर माणूस दिवसाअखेर स्क्रूच फिरवीत बसला असता.

आम्ही पहिला घोडा केला तो जुन्या आंब्याच्या ओंडक्याचा. ओंडका पाचर मारून उभा फोडला आणि सपाट बाजू वर ठेवली. पाय बाभळीचे. पुस्तकात तीन पाय होते आणि आम्ही शहाणपणा करून चार लावले. अंगणातल्या उंचसखल फरशीवर तो डुगडुगू लागला, तेव्हा तीन पायांचे कारण कळले. रानात काम करणाऱ्याला सपाट जमीन कोठली? तीन पाय कोठेही टेकतात. दुसरी गोष्ट पायांच्या भोकांची. बैठकीचे लाकूड थोडे ओले असावे आणि पायांचे टोक पक्के वाळलेले असावे. बैठक वाळत जाते तसतसे भोक आवळत जाते, आणि खिळा किंवा सरस न लावता पाय जन्मभर हलत नाही. सबंध घोड्यात लोखंडाचा कण नसला तरी चालतो. कुऱ्हाड, करवत, गिरमीट आणि एक पटाशी एवढ्या भांडवलावर कारागिराने आपले यंत्र दोन दिवसांत उभे करावे, असा हा व्यवहार आहे. या वाक्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता धनुष्य. आज इंग्लंड-अमेरिकेत हौसेने अख्ख्या लाकडातून धनुष्य काढणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आवारात हा घोडा असतो. आपल्याकडची दरबारी कमान वेगळी होती. ती लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू सरसाने एकत्र जोडून होई, आणि कमानगर हा सुतारापेक्षा सरसाचा कारागीर असे. भिल्लांची कामठी बांबूची, आणि तिची दोरीही बांबूच्या कामटीची. अख्ख्या लाकडाचे धनुष्य ही तिसरी जात. तिच्यात जोड नाही. जे आहे ते झाडाने दिलेले. म्हणून लाकूड करवतीने कापत नाहीत, पाचरीने फोडतात, म्हणजे ते आपल्या तंतूंच्या रेषेनेच फाटते. धनुष्याची पाठ, म्हणजे नेमबाजाच्या पलीकडची बाजू, वाकताना ताणली जाते. पोट, म्हणजे त्याच्याकडची बाजू, दाबली जाते. पाठीवर झाडाच्या वाढीचे एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजे. कोठे ओढपाते त्या वलयाखाली गेले, तंतू तुटले, की धनुष्य तेथेच मोडणार. आज नाही तर उद्या. त्यामुळे सारी तासणी पोटाच्या बाजूने. एक झिलपी काढावी, पाय सोडावा, लाकूड वाकवून बघावे, कोठे ताठ आहे ते हेरावे, पुन्हा घोड्यात घालावे. असे शेकडो वेळा. पाय सैल करताच मोकळे होणारे यंत्र येथे का लागते ते आता लक्षात येईल. आणखी एक बारकावा: घोड्याचे डोके एकाच मधल्या दांड्यावर असेल तर सहा फुटी लाकूड बाजूने सरकवून आत घालता येते. दोन बाजूंना दोन दांडे असलेल्या घोड्यात तेच लाकूड सुईत दोरा ओवावा तसे ओवावे लागते. डोक्याच्या तोंडाला चामड्याचा तुकडा ठोकावा, नाहीतर पाठीवर वळ उठतात.

आम्ही धामणीचे लाकूड घेतले. सह्याद्रीत धामण सर्वांना ठाऊक आहे. कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला तिच्यासारखे चिवट लाकूड नाही. साडेपाच फुटांचे धनुष्य महिनाभर रात्री बसून तासले. एका गाठीपाशी पाठीचे वलय थोडे उंचावले होते; ते दिसायला बरे नाही म्हणून आम्ही सपाट केले. बावीस इंचांपर्यंत ओढले तेव्हा ते बरोबर त्याच गाठीपाशी मोडले आणि आवाजाने शेजारचे लोक बाहेर आले. लोखंडाच्या नमुन्यात गाठ सपाट केली तर मिस्त्री शाबासकी देतो. धनुष्यात झाडाचे ऐकावे लागते.

ज्या देशाने अशा धनुष्यावर लढाया जिंकल्या त्या इंग्लंडकडे आता वळू. १३४६ साली क्रेसी आणि १४१५ साली आजिंकूर, या दोन्ही ठिकाणी फ्रेंच सरदारांचे घोडदळ इंग्रज तिरंदाजांच्या माऱ्यापुढे कोसळले. शाळेतल्या इतिहासात ते राजांचे विजय आहेत. आम्ही त्याच काळातले कायदे वाचावयास घेतले, कारण कायदे वाचण्याची आम्हांला सवय आहे. आणि तेथे निराळीच गोष्ट दिसली.

क्रेसीनंतर दोन वर्षांनी प्लेगची साथ आली. माणसे मेली, मजूर मिळेनासे झाले, उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. सरकारने १३४९ साली हुकूम आणि १३५१ साली कायदा करून मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. मुख्य सुताराला रोजचे तीन पेन्स, हाताखालच्याला दोन. जास्त मागणे हा गुन्हा. १३६३ साली राजाने फर्मान काढले, की सणाच्या दिवशी लोकांनी चेंडूचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी सोडून धनुष्याचा सराव करावा. १३८१ साली शेतकरी आणि कारागीर बंड करून लंडनमध्ये शिरले; हातात अर्थात धनुष्येही होती. बंड मोडले. पुढाऱ्यांची डोकी उडाली. आणि १३८८ साली पुन्हा कायदा झाला, की नोकरांनी व मजुरांनी धनुष्यबाण बाळगावेत आणि रविवारी त्यांचा सराव करावा. मजुरी बांधलेली, पण शस्त्र सक्तीचे! इतकी कोंडीत सापडलेली सरकारे इतिहासात थोडी असतील. मजूर हवा, तिरंदाज हवा, आणि तो एकच माणूस.

धनुष्य करणाऱ्यांचे काय? लंडनमध्ये धनुष्यकार आणि तीरगर हे आरंभी मिसळलेले धंदे होते. १३७१ साली तीरगरांनी मेयरकडे अर्ज केला, की दोन्ही धंदे एकाच माणसाने करू नयेत, आणि ते वेगळे झाले. हे आमच्या ओळखीचे आहे. धंद्याची हद्द आखून घेण्याची धडपड ही संघटनेची पहिली पायरी असते. तथापि हद्द आखली म्हणून दर हाती येत नाही.

धनुष्याचे उत्तम लाकूड यू नावाच्या झाडाचे. हिमालयात त्याचे भाऊबंद थुणेर नावाने आहेत. या झाडाचा गाभा दाबाला टिकतो आणि सालीलगतचे पांढरे लाकूड ताणाला टिकते. म्हणजे शिंग आणि स्नायू जोडून आपले कमानगर जे साधीत, ते या झाडाने स्वतःच जोडून ठेवलेले असते. इंग्लंडमध्ये सरळ, बिनगाठीचे यू पुरेनासे झाले. १४७२ साली कायदा झाला, की ज्या मुलखातून असे लाकूड येते तेथून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४ साली माम्सी दारूच्या प्रत्येक पिपामागे दहा काठ्या ठरल्या. दारूबरोबर धनुष्य, अशी ही आयात. आणि या दोन कायद्यांच्या मध्ये, १४८२ साली, तिसरा कायदा झाला: यूच्या धनुष्याला तीन शिलिंग चार पेन्सांहून अधिक किंमत घेता कामा नये.

सभेतल्या व्यापारी मंडळींनी क्षणभर विचार करावा. कच्चा माल परदेशाहून येतो आणि तो इतका दुर्मिळ की आणण्यासाठी कायदा करावा लागतो. पक्क्या मालाची किंमत मात्र राजाने बांधून दिली आहे. मधली जागा कोणाची? ती तासणाऱ्याची. काठीचे पैसे व्यापाऱ्याला आधी द्यावयाचे, आणि चाळीस पेन्सांतून जे उरेल ती आपली मजुरी. धनुष्यकार स्वतंत्र होता, हत्यारे त्याची होती, दुकान त्याचे होते, मजुरी देणारा मालक त्याच्या डोक्यावर नव्हता. आणि तरीही त्याची मजुरी पार्लमेंटात ठरली होती. पुढे १५४१ सालच्या कायद्याने त्याला प्रत्येक यूच्या धनुष्यामागे एल्म, ॲश वगैरे हलक्या लाकडांची चार धनुष्ये करावयास भाग पाडले. कोणते लाकूड तासावे हेही राजाचेच.

त्या लाकडापायी आल्प्सच्या बाजूची राने उजाड झाली. १५०७ सालीच बादशहाने बव्हेरियाच्या ड्यूकला यूची तोड थांबविण्यास सांगितले होते. पण व्यापारात पैसा होता. १५६२ साली बव्हेरियाच्या सरकारने लांबलचक अर्ज केला, की यू निवडून निवडून तोडल्याने रानाचे छत्र फाटते आणि वाऱ्याने शेजारची झाडेही पडतात. १५६८ साली तोडीचा मक्ता द्यावयाचा तर तोडावयास झाडच उरले नव्हते. युरोपातले जंगल इंग्रजांच्या रविवारच्या सरावाने खाल्ले, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

१५४५ साल या गोष्टीत दोनदा येते. त्या वर्षी रॉजर ॲस्कम या विद्वानाने धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा इंग्रजी ग्रंथ छापून आठव्या हेन्रीला अर्पण केला, आणि राजाने त्याला वर्षाला दहा पौंडांचे वर्षासन दिले. बांधलेल्या किमतीने हिशेब केला तर साठ धनुष्यांचे पैसे. त्याच वर्षीच्या जुलैत राजाचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथसमोर बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला. चिखलात शिरलेली एकशे बाहत्तर धनुष्ये मिळाली आहेत, सहा ते सात फुटांच्या दरम्यान लांबीची, यूची, आणि इतकी ताठ की आजच्या धट्ट्याकट्ट्या माणसाला ओढता येऊ नयेत. पुष्कळांवर मुठीच्या जागेजवळ टोचून केलेल्या बारीक खुणा आहेत, कारागिरांच्या. ग्रंथावर ॲस्कमचे नाव आहे, जहाजावर राजाच्या घराण्याचे गुलाब आहे, आणि धनुष्यावर ठिपके आहेत.

१५९५ साली राणीच्या सल्लागार मंडळाने कवायती तुकड्यांतून धनुष्य काढून बंदूक आणली, आणि धनुष्यकाराचा धंदा हौशी लोकांपुरता उरला. आपल्याकडे कच्छमधले कमानगर पुढे भिंतींवर चित्रे काढू लागले. धंदा जातो, हात राहतो. तासणीचा घोडा मात्र एका धनुष्यावर अवलंबून नव्हता. १५५६ साली बाझल येथे छापलेल्या अग्रिकोलाच्या खाणकामावरच्या लॅटिन ग्रंथातल्या चित्रांत तो दिसतो. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली खाण-इंजिनियर हर्बर्ट हूवर आणि त्यांची पत्नी लू यांनी केले. हेच हूवर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पिपे करणारे, छपराच्या फळ्या करणारे, दाताळी करणारे, सर्वांनी हा घोडा वापरला. त्याचा सर्वांत मोठा तळ पडला तो लंडनच्या वायव्येस, चिल्टर्नच्या बीच झाडांच्या रानात.

तेथे हाय विकम नावाचे गाव खुर्च्यांसाठी जगप्रसिद्ध झाले. खुर्चीचे पाय करणारे लोक गावात नव्हे, रानात राहून काम करीत. त्यांना बॉजर म्हणत. उभी झाडे विकत घ्यावयाची, पाडावयाची, ओले ओंडके पाचरीने फोडावयाचे, कुऱ्हाडीने साधारण आकार द्यावयाचा, मग घोड्यावर बसून ओढपात्याने गोल करावयाचे, आणि शेवटी लवचीक खांबाच्या झोक्यावर चालणाऱ्या पायलेथवर उतरवावयाचे. पाय रचून वाळवीत आणि ग्रोसच्या, म्हणजे बारा डझनांच्या हिशेबाने गावातल्या कारखान्याला विकीत. झोपडी स्वतःची, लेथ स्वतःचा, घोडा स्वतःचा. त्यांची छायाचित्रे पाहिली तर हेवा वाटावा असे सुंदर रान आहे. पण ग्रोसचा दर कारखान्याचा. आज इंग्रजीत ‘बॉज’ करणे म्हणजे कसेबसे काम उरकणे. ज्या लोकांनी डोळ्याच्या अंदाजाने एकशे चव्वेचाळीस पाय एका मापाचे काढले, त्यांच्या नावाचा हा शेवट.

गावातल्या कारखान्यांत मात्र माणसे एका छपराखाली होती. त्यांनी संघ केला, किमान दर मागितला. १९१३ च्या अखेरीस मालकांनी टाळेबंदी पुकारली. हजारो लोक त्या हिवाळ्यात घरी बसले, मिरवणुका निघाल्या, पोलीस आले. १९१४ च्या फेब्रुवारीत सरकारी मध्यस्थ सर जॉर्ज ॲस्क्विथ यांनी तडजोड घडवून आणली आणि दर ठरला. रानातल्या घोडेवाल्याची गणती त्या भांडणात नव्हती. तो कामगार नव्हता. तो ‘पुरवठादार’ होता.

हा शब्द आम्ही प्रथम चिल्टर्नच्या पुस्तकात वाचलेला नाही. १९९८ साली आमच्या भागातल्या एका कारखान्याने पॅटर्न शॉपमधल्या अकरा सुतारांना एका सकाळी दारावरच अडविले. ज्यांनी तेथे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे घालविली ते लोक. वाद कामगार न्यायालयात गेला. मालकाच्या वकिलांनी आमच्या एका मिस्त्रीला उभे करून विचारले, ‘ही हत्यारे कोणाची?’ मिस्त्री अभिमानाने म्हणाला, ‘माझी. माझ्या बापाची.’ वकील खाली बसले. हत्यारे स्वतःची, मजुरी नगावर, तेव्हा हा कामगार नव्हे, स्वतंत्र ठेकेदार. असा त्यांचा मुद्दा. बापाची पेटी मुलाच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ सालचा एक निर्णय आमच्या बाजूचा वाटत होता. शिंपी नगावर काम करीत होते तरी ते दुकानाचे नोकरच ठरले. पण तेथे शिवणयंत्रे दुकानाची होती, आणि न्यायालयाने त्या गोष्टीला वजन दिले होते. वकिलांनी बोट ठेवले ते नेमके तेथे. मग आम्ही १९५६ सालचा निर्णय काढला: धांगध्रा येथील मिठागरातल्या आगरियांचा. त्यांना पगार नव्हता; मिठाला मणामागे साडेपाच आणे मिळत. हजेरीपट नव्हता, कामाचे तास नव्हते, मदतीला माणसे ते स्वतः ठेवीत. तरी न्यायालयाने त्यांना कामगार मानले, कारण ते स्वतःच्या अंगाने राबत होते आणि कामावर कंपनीची देखरेख होती. आमच्या सुतारांचा नमुना रोज फोरमन तपासत असे. त्या तपासणीच्या सह्यांच्या वह्या आम्ही जमा केल्या. पाच वर्षांनी प्रकरण तडजोडीने मिटले. सात जण हजेरीपटावर आले, चौघांनी रक्कम घेतली. करारात आम्ही हत्यार-भत्ता म्हणून एक कलम घालून घेतले. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण पेटी सुताराची असली तरी ती कारखान्यासाठी झिजते, हे कागदावर आले.

त्या पाच वर्षांत, तारखांच्या मधल्या दिवसांत, आम्ही तासणीचा घोडा केला आणि धनुष्य मोडले. घोडा आता संघाच्या कचेरीच्या व्हरांड्यात आहे, आणि सभेच्या दिवशी त्यावर तिघे दाटीवाटीने बसतात. ज्या मिस्त्रींना वकिलांनी तो प्रश्न विचारला होता ते मागच्या पावसाळ्यात आले होते. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना घोड्यावर बसविले, हातात ओढपाते दिले आणि धामणीचा एक तुकडा डोक्याखाली सरकवला. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय दांडीवर ठेवले, दोनदा दाबून सोडून बघितले आणि म्हणाले, ‘आरं, हे पायानंच धरल्यागत हाय की!’ मग त्यांनी दहा-बारा झिलप्या काढल्या, एकीला दुसरी जोडता येईल इतक्या सारख्या. खाली उतरले आणि म्हणाले, बैठक दोन बोटे उंच झाली आहे. आम्ही करवत आणावयास आत गेलो, तो येईपर्यंत त्यांनी घोडा आडवा पाडून, पायाखाली धरून, पायांच्या टोकांवर खुणा करून ठेवल्या होत्या.